श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारचं पुडिंग

गिरगाव,
श्रावण शुद्ध षष्ठी

ती. सौ. नलूवन्सं यांना लक्ष्मीचा नमस्कार. वाकूनच करायला हवा, पण पोट अजून वाकू देत नाही, तेव्हा पडल्या पडल्या मनाने वाकले असं समजा. तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? अँटॉप हिलला तुमच्याकडे मोकळा वारा असतो, तो दोघांनाही मानवत असेल. पत्र बघून नवल वाटेल. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि भावोजी मधूनच सल्ला देतात. हे तुमच्यापुरतंच आहे.

दहा दिवस मी गॅलरीशेजारच्या खाटेवर आहे. आता ताप नाही, नुसतं हलकं हलकं वाटतं. पडदा फुगतो, खाली बसतो, परत फुगतो, आणि वाटतं की ही खोलीच श्वास घेते आहे आणि आपण तिच्या पोटात तरंगतोय. लग्नाला तीस वर्षं झाली, पण या खोलीचं छत मी कधी नीट बघितलंच नव्हतं. पंख्याभोवती ओलीचा एक डाग आहे, तो सकाळी गाईसारखा दिसतो आणि दुपारी दत्तगुरूंसारखा (गाय तेव्हा त्यांच्या मागे जाऊन उभी राहते). दोन्ही वेळा हात जोडते. देवघरापर्यंत जायचं त्राण नाही, तर देवच छतावर आले म्हणायचे.

आता मुद्द्याचं. आपल्या कादंबरीचं लग्न दादरच्या अभयशी जमत आलंय हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाचं काही नाही, तो आधीपासूनच तयार. सगळं अडलं होतं त्याच्या आईपाशी. त्यांचा एकच धोशा, मुलीच्या हाताला आईचं वळण असतं, म्हणून आधी आईचं स्वयंपाकघर बघायचं. त्यांना मी श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी जेवायला बोलावलं. कोबीचं खरपूस भाजलेलं भानोलं, कोळंबीचं कालवण आणि शेवटी अंड्याचं पुडिंग. घरात अंडी बरीच उरलेली होती आणि श्रावणात ती ठेवायची कुठे? आख्खा ट्रे घेतला होता मी, थोड्या तडकलेल्या अंड्यांमुळे वाण्याने भाव कमी लावला होता.

आता तुम्ही विचाराल, अंडी ठेवली होती कुठे. वन्सं, आपल्या घरात अंडं फ्रीजमध्ये जात नाही. तिथे नैवेद्याचं दूध असतं, विरजण असतं, सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा असतो. सासूबाई असताना फ्रीजच नव्हता, म्हणून त्यांनी हा नियम सांगितला नाही, तो मीच त्यांच्या वतीने केला. अंडी गॅलरीत, टोपलीत, वर ओलं फडकं. आषाढातला तो घामट उकाडा, बारा दिवस. शिवाय तडकलेली अंडी मी चोळून चोळून धुतली, स्वच्छ असावीत म्हणून (वरची घाण तड्यातून आत मीच ढकलली, असं नंतर कळलं). आणि पुडिंग वाफवलं ते माझ्या पद्धतीने. दहा मिनिटं आच, मग गॅस बंद, पुढचं आतल्या वाफेने आपोआप होतं. तुमचे बंधू याला चिक्कूपणा म्हणतात. मी म्हणते, वाफ देवाने फुकट दिली आहे.

मंडळी दोन तास उशिरा आली. पुडिंग तोवर टेबलावरच, कारण अंड्याचं ते, फ्रीजमध्ये कसं जाणार! पण काय सांगू, मधोमध हात लावला की थरथरायचं. विहीणबाईंनी (होणाऱ्या) पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "ढग खाल्ल्यासारखं वाटतंय हो!" त्यांनी दोनदा घेतलं, त्यांच्या यजमानांनी दोनदा, अभयने तीनदा. कादंबरी डाएटवर, तिने हात लावला नाही. मी सगळ्यांकडे बघत होते आणि मला मंडप, सनई, तोरणं, सगळं तिथल्या तिथे दिसत होतं.

सोमवारी दुपारी तुमचे बंधू आडवे झाले. संध्याकाळी मी. हुडहुडी, पोटात पिळा, आणि बाकीचं पत्रात लिहिण्यासारखं नाही. मंगळवारी कादंबरी कळवळून सांगत आली की दादरलाही तिघेच्या तिघे झोपलेत. समोरच्या बिल्डिंगमधले डॉक्टर शंतनू आले, पोरसवदा आहेत पण डोकं शांत. त्यांनी तपासणीला पाठवलं आणि एकच प्रश्न विचारला, "काकू, सगळ्यांनी खाल्लं आणि कादंबरीने खाल्लं नाही, असं काय होतं?" मी मीठसाखरेच्या पाण्याचा घोट घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. जंतूचं नाव साल्मोनेला.

नाव मला फार गोड वाटलं. त्या दिवशी ताप वर गेला होता, दुपार होती, आणि वन्सं, ती मला दिसली. फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची, शेजारच्या वाडीतली मुलगी ख्रिसमसचा केक द्यायला येते तशी. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी. मी म्हटलं, बाई गं, न विचारता आत कशी आलीस? ती अगदी आदबीने म्हणाली, विचारूनच आले की काकू. टोपलीत मला ऊब दिलीत, पाण्याने आत घेतलंत, गॅस चालू असता तर मी जळाले असते, तो तुम्ही बंद केलात. टेबलावर दोन तास बसवलंत, तेवढ्यात मी माझी सगळी भावंडं बोलावून घेतली. मला इतकं आदरातिथ्य कुणी केलं नव्हतं. मग तिने मला नमस्कार केला (चांगल्या वळणाची मुलगी) आणि पडद्याबरोबर बाहेर गेली. जागी झाले तेव्हा घाम येऊन ताप उतरला होता आणि गाय छतावर होती.

डॉक्टर म्हणाले, नशीब, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. अंडी फ्रीजमध्ये, तडकलेली घ्यायचीच नाहीत, आणि पुडिंग मधोमधही घट्ट होईपर्यंत शिजवायचं. मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. देवाला विचारलं, फ्रीजमध्ये खालच्या खणात, झाकणाच्या डब्यात ठेवली तर चालेल का. तो काही बोलला नाही, म्हणजे चालत असावं.

शनिवारी विहीणबाईंचा फोन आला. इतक्या मऊ आवाजात बोलल्या! आजाराचा विषय, मग आपोआप लग्नाचा. घरावर राग नाही म्हणाल्या. देवाने तारलं, दुसरं काय. भावोजींना नमस्कार.

तुमची,
लक्ष्मी

ता. क. देवाने कसं तारलं ते राहिलं. त्यांनी विचारलं, "पुडिंग कुणी केलं होतं हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वन्संनी पाठवलं होतं, अँटॉप हिलहून." ताप होता, वन्सं. म्हणजे नव्हता, पण आठवण होती. त्या लगेच म्हणाल्या, मग तुमच्या वन्संना भेटायलाच हवं, मला ते पुडिंग शिकायचं आहे. येत्या रविवारी दुपारी चारला तुमच्याकडे येतायत, मीही येते. तेव्हा एवढं हो म्हणा. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

ता. क. २. पाकीट परत उघडलं. कादंबरी ऑफिसातून आली, पत्र वाचलं आणि खाटेवर बसून हसत सुटली. तिने अभयला डॉक्टर आले त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, टोपलीसकट. त्याने आईला सांगितलं. म्हणजे फोनवर मी बोलत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मग कादंबरी म्हणाली, "आई, तुझ्यासारखाच त्याही श्रावण कडक पाळतात. श्रावणात अंड्याचं पुडिंग शिकायला कोण येतं गं?"

मला हे सुचलंच नव्हतं. पुडिंगचं नुसतं निमित्त, मी खरं सांगते का तेच बघायला त्या येतायत. तेव्हापासून छताकडे बघत पडले आहे. वन्सं, तुम्ही हो म्हणू नका. काहीच म्हणू नका. साबुदाण्याची खिचडी करा, चहा ठेवा, आणि विहीणबाई आल्या की माझ्या शेजारी बसा. मी खरं सांगेन. पण माझं सांगून होईपर्यंत माझा हात सोडू नका.