मायसाची झोप

१४ हमल

बिबीसोनाचं लेकरू गेलं. शेजारच्याच घरातलं. मागाजवळ निजवलं होतं, उठलंच नाही. बायका म्हणाल्या, थंडी बाधली. कसली थंडी! हमल महिना लागला, जर्दाळूला फूल आलंय. अफू जास्त झाली, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्याच देतो आम्ही, तिळाएवढी, दुधात कालवून. पोर झोपतं, गालिचा पुढे सरकतो. मीही मायसाला देते. सात महिन्यांची झाली, अजून मान सावरत नाही. मला भीती वाटते.

१५ हमल

आजपासून मायसाची अफू बंद. एजेला, म्हणजे सासूला, सांगितलं. ती विणायच्या लोखंडी पंजाने गाठी ठोकत राहिली. "कर की बंद. मग गाठी कोण मारणार? तुझा नवरा, इराणातून हात लांब करून?"

१७ हमल

रडते. घाम, जुलाब, पाय ताणते. एका हाताने झोका, एका हाताने गाठ. दोन ओळी उसवाव्या लागल्या.

२१ हमल

जरा निवळली. पण दिवसभर कडेवर. माझी पाठ पार गेली. सकाळच्या चहाबरोबर घेते ती अफूची गोळी पुरेना, म्हणून दुपारीही एक घेतली. पाठीसाठी सगळ्याच घेतात. एजे तीस वर्षं घेतेय, अजून मला ऐकवायला धडधाकट आहे.

२५ हमल

मायसा माझ्याकडे बघून हसली!

३ सवर

आता दुपारची गोळी चुकली की हात कापतात. तिसरीही लागते कधी कधी. असू दे, गालिचा मागावरून उतरेपर्यंतच.

मायसा मात्र पुन्हा झोपू लागलीय. पिता पिता डोळे मिटते. गाल चोळले तर उघडते, परत मिटते. मी तर काही देत नाही. मग कोण? घरात आहे कोण दुसरं?

४ सवर

विचारलंच. "एजे, तुम्ही देता ना हिला? माझ्या पाठीमागे?" आवाज चढला माझा. तिने कमरेची अफूची डबी सोडून माझ्यापुढे ठेवली. "घे, तूच सांभाळ. चार पोरं वाढवली मी. दिलं ते सगळ्यांसमोर दिलं, चोरून नाही." आणि उठून अंगणात गेली. जेवली नाही.

६ सवर

डबी माझ्याकडे आहे. एजेची गोळी मीच काढून देते, ती मुकाट हात पुढे करते. मायसा आज दोनदाच प्यायली. ओठ निळसर वाटले. उद्या दवाखाना.

७ सवर

नर्सने मायसाच्या पापण्या उचलून पाहिल्या. "अफू कोण देतं हिला?" कोणी नाही, शपथेवर सांगितलं. "दूध कुणाचं पिते?" माझं. तिने बॅटरी माझ्या डोळ्यांवर धरली.

देत मीच होते. रोज, छातीशी धरून.