चर्चसमोरचा रिकामा चौकोन

रविवार, १२ जून २०१६. हिल्सबरो.

दुपारी शेजारच्या जीनआजींकडे गेलो होतो. मूळच्या स्कॉटलंडच्या, इथे येऊन साठ वर्षं झाली. लहानपणच्या खेड्याचा नकाशा काढतायत, नातवंडांसाठी. चर्च, शाळा, लोहाराचं दुकान, पाणचक्की. यातलं आता काहीच उभं नाही, तिथे मेंढ्या चरतात. त्यांचा हात थरथरतो, म्हणून चौकोनांत नावं मी लिहीत होतो. चर्चसमोरच्या चौकोनापाशी त्या अडल्या. "इथे कोण राहायचं बरं? माझ्या बहिणीला माहीत होतं." बहीण गेल्या वर्षी गेली. चौकोन रिकामाच राहिला. मनात म्हटलं, एका घरानं काय बिघडतं?

घरी येऊन सहज आमच्या गावची पेठ काढायला बसलो. मारुतीचं देऊळ, गिरणी, सायकलचं दुकान. पुढे? रस्ता रुंद करताना ती अख्खी ओळ पाडली, पण सायकलवाल्याशेजारी काय होतं? आठवेना. स्वतःवर इतका का चिडलो कोण जाणे. लेक कागदात डोकावली. "जस्ट आस्क आजी, बाबा."

रात्री आईला फोन लावला. तिकडे सकाळच होती. "कल्हईवाला," आई लगेच म्हणाली. "पातेली घेऊन तुलाच तर पाठवायचे मी." कल्हईच्या नवसागराचा धूर थेट नाकात आला. "चल, ठेवते. कुकर लावलाय."

तो चर्चसमोरचा चौकोन डोळ्यासमोर आला.

"आई, गॅस बंद कर. कल्हईवाल्याच्या पलीकडे कोण होतं?"