तिरका काप

सोमवार, दिनांक ४

सूनबाईंच्या विनंतीस अखेर मान दिला. दोन वर्षे त्या माझ्या पोटाची सोनोग्राफी करू म्हणत होत्या व मी नकार देत होतो. आमचे वडील साठीत, रंधा मारता मारता पोटात कळ आली म्हणून खाली बसले ते उठलेच नाहीत. एवढ्यावरून माझ्यावर संशय घेण्याचे कारण नाही. परंतु ही बाब निराळी आहे. सूनबाई जाणत्या डॉक्टरांचा सोनोग्राफीचा वर्ग घेतात. त्यांना चार दिवस निजून राहणारा मनुष्य हवा आहे. "बाबा, तुमच्यासारखा स्थिर माणूस मिळायचा नाही." हे खरेच आहे.

मंगळवार, दिनांक ५

वर्ग चमत्कारिक. तीन डॉक्टर – एक पांढऱ्या केसांचे, एक उंच बाई, एक सतत घाम पुसणारे. तिघांचाही हात वीस वर्षे मुरलेला. आणि शिकवणारी शिकवतच नाही! सूनबाई कोपऱ्यात स्टुलावर गप्प. "मी उत्तर देणार नाही. तिघांनी मिळून शोधायचं." प्रत्येकाने माझ्या पोटावर यंत्र फिरवायचे, दिसले ते कागदावर काढायचे, मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे.

"या वयात चित्रं काढू?" पांढऱ्या केसांचे म्हणाले.

"काढा," सूनबाई म्हणाल्या.

पोटाला चोपडतात ते जेल फार थंड असते. तक्रार केली नाही.

बुधवार, दिनांक ६

कागद जुळेनात. बेंबीच्या वर पाठीच्या कण्यालगत मोठी रक्तवाहिनी असते. माझी फुगलेली निघाली. पांढऱ्या केसांचे म्हणतात सत्तावन्न मिलिमीटर. घामवाले बावन्न. बाई अठ्ठेचाळीस. पंचावन्नच्या पुढे शस्त्रक्रिया करतात, असे कानावर आले.

"बाई, तुमची नजर हलकी आहे," पांढऱ्या केसांचे म्हणाले.

"आणि तुमचा हात जड."

सूनबाई उठून जवळ आल्या. "बाबा, वर्ग थांबवू?"

मुळीच नाही, म्हटले. आधी आकडा ठरू दे. यंत्राचा पडदा मात्र माझ्याकडे वळवून घेतला.

गुरुवार, दिनांक ७

वर्गास सुट्टी. वडिलांचा रंधा उगाच काढून पुसला. भीती वाटते, हे फक्त येथे लिहितो.

पडद्यावरचा आकार डोळ्यांपुढून हलत नाही. बाईंचा गोल होता, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांचा अंड्यासारखा. असे अंडे मी पूर्वी पाहिले आहे. अनेकदा.

शुक्रवार, दिनांक ८

खिडकीच्या जुन्या पडद्याची गोल लाकडी दांडी व करवत सोबत नेली. माझे शिक्षण इयत्ता चौथी. तरी बोलण्याची परवानगी मागितली. दांडी गुण्या लावून काटकोनात कापली – गोल. तिरकी कापली – अंडे. दांडी तीच, माप वाढलेले.

पांढऱ्या केसांचे म्हणाले, "आजोबा, मी यंत्र सरळच धरलं होतं. पोटाला अगदी काटकोनात."

मग उंच बाई हळूच म्हणाल्या, "पोटाला. पण नळीच आत वाकडी असेल तर?"

तिघे एकदम वाकले. यंत्र उभे धरून पाहिले, तर नळी फांदीसारखी वळलेली! तिच्या वळणाला काटकोन साधून प्रत्येकाने पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. शस्त्रक्रिया नाही, दर सहा महिन्यांनी पाहायचे.

पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी ते तिरके तुकडे मागून घेतले. सूनबाईंनी माझे पोट स्वतः पुसले. बराच वेळ पुसत होत्या.

शनिवार, दिनांक ९

सकाळी सरळ विचारले – वर्गाला माणूस मिळतच नव्हता काय?

"मिळाला असता, बाबा. पण तुम्ही दुसऱ्या कशाने आला नसता."

दुपारपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. मग चहा मी केला. त्या म्हणाल्या, हा दोष बापाकडून मुलांत उतरू शकतो, काकांनाही तपासायला हवं. मी म्हटले, धाकटा भाऊ माझ्याहून हट्टी. दवाखान्याचे नाव काढले की फोन ठेवतो.

रविवार, दिनांक १०

धाकट्यास फोन केला. मोठमोठ्या डॉक्टरांच्या वर्गास निजून राहणारा मनुष्य हवा आहे, म्हटले; तुझ्याइतका स्थिर कोणी नाही. मंगळवारी येतो म्हणाला.