पुढे कोण बसतं

४ नोव्हेंबर

तीन महिने ही वही उघडली नाही, त्याबद्दल तिची माफी मागतो. बदली, बांधाबांध, ताईची तब्येत या सबबी खऱ्या आहेत. पण दिवसाला दहा मिनिटंही सापडली नाहीत असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

आजचा दिवस मात्र चांगला गेला. जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट म्हणून रुजू झालो. क्वार्टर दोन खोल्यांचं, कोरडं, भरपूर उजेडाचं. ताईने सगळी कपाटं उघडून पाहिली आणि जाहीर केलं, की इथे पसारा लपवायला जागाच नाही, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी मला वळण लागायची थोडी आशा आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिला हा हक्क आहे.

एकच काळजी होती. ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल घाटापलीकडे, चाळीस किलोमीटरवर. तिची वेळ सकाळी आठची, आणि इथून बस एकच, दुपारची. पण माझ्या आधीचे केमिस्ट आपली जुनी गाडी इथेच सोडून गेले आहेत. टेबलाच्या खणात किल्ली, सोबत नावावर करायचे कागद सह्या करून ठेवलेले. हेडक्लार्क म्हणाले, की ते एक पिशवी घेऊन बसने गेले, गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. मला जरा विचित्र वाटलं. मग गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि विचित्र वाटणं मागे पडलं. गरज असली की माझ्या शंका किती लवकर मिटतात, हेही लिहून ठेवतो.

७ नोव्हेंबर

गाडी घाटाच्या मध्यावर बंद पडली. आचका नाही, धूर नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी. बॉनेट उघडलं. इंजिनाला पेट्रोल हवं आणि ठिणगी हवी, एवढं मला समजतं. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि ताईला किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी निळीशार. पाइप सोडवून पाहिला, पेट्रोल येत होतं. तरी इंजिन नुसतं फिरायचं, धरायचं नाही.

पंचवीस मिनिटं गेली. ताई बाहेर दगडावर बसली होती, ती कंटाळून माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर येऊन बसली. मी सहज किल्ली फिरवली. गाडी सुरू. थोरामोठ्यांचा मान कुणाला कळतो बघ, असं म्हणून ताई हसली, आणि काचेला डोकं टेकून हॉस्पिटलपर्यंत झोपली. गाडीत तिला कधी झोप लागत नाही.

१४ नोव्हेंबर

प्रत्येक फेरीत हाच प्रकार. घाटापलीकडच्या मिस्त्रीला दाखवली. दणकट, बोलका माणूस. त्याच्या मते गरम झाल्यावर ठिणगी पाडणारी कॉइल दगा देते. मी म्हटलं, सगळंच बदलून टाका. तो पाना पुसत म्हणाला, “एका वेळी एकच वस्तू, साहेब. दोन बदलल्या तर चोर पळतो, पण कुठला पळाला ते कळत नाही.”

दर वेळी नोंद ठेवायला त्याने सांगितलं: वेळ, चढ, पाणी किती तापलं, पेट्रोल किती, कोण कुठे बसलं होतं. शेवटचं कशाला, तर वजनासाठी. प्रयोगशाळेत मी तरी वेगळं काय करतो? आम्हा दोघांचं जमलं.

२३ नोव्हेंबर

कॉइल बदलली. नंतरच्या फेरीला कंडेन्सर. मग पेट्रोल पंप. मग टाकीचं झाकणसुद्धा; त्याचं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल ओढलं जात नाही म्हणे. काही फरक नाही. मिस्त्री आता गाडीशी बोलताना शिव्या देतो आणि मग ताईची क्षमा मागतो.

ताई फार उतरली आहे. डॉक्टर म्हणतात, मशीनचं काम नीट चाललंय, रिपोर्ट सुधारलेत, मग वजन का घटतंय ते त्यांनाही सांगता येत नाही. आज तिचा हात वेणीपर्यंत पोचेना. मी घातली, वाकडी. तिने काहीच टोमणा मारला नाही.

२६ नोव्हेंबर

नोंदी सलग वाचल्या. गाडी अकरा वेळा बंद पडली. अकराही वेळा ताई पुढच्या सीटवर येऊन बसल्यावरच सुरू झाली. ती पाय मोकळे करायला उतरली असताना एकदाही नाही. तापमान, चढ, पेट्रोल, कशाचाच मेळ बसत नाही. एवढा एकच बसतो. पाण्याच्या नमुन्यांत असं दिसलं असतं तर मी त्याला योगायोग म्हटलं असतं का?

पण ताईवरचा हा आळ आहे की गाडीवरचा, हेही मला नीट सांगता येत नाही. आधी तपासून बघतो.

२७ नोव्हेंबर

रजा टाकून एकटाच गेलो. त्याच वळणावर बंद. दोन तास धडपड केली. वजनाची शंका नको म्हणून स्टेपनी पुढच्या सीटवर ठेवली. काही नाही. उतारावर सोडून गियरमध्ये टाकून पाहिली. नाही.

शेवटी मिस्त्रीला फोन केला. तो मोटरसायकलवर आला, स्टेपनी काढून आवाज ऐकायला पुढे बसला. मी किल्ली फिरवली आणि लगेच धरलं. म्हणाला, माझं थोबाड बघूनच घाबरली.

तो हसत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

२९ नोव्हेंबर

गॅरेज बंद. मिस्त्रीची बायको म्हणाली, परवापासून हातात पाना धरवत नाही. तो अंगणात उन्हात घोंगडी पांघरून बसला होता. मी कोण, हे त्याने दोनदा विचारलं.

फक्त एकदाच बसला होता तो.

३० नोव्हेंबर

हेडक्लार्ककडून आधीच्या केमिस्टांचा नंबर घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॉइल, कंडेन्सर, सगळं. मग एवढंच विचारलं, “पुढे कोण बसतं?”

मी म्हटलं, बहीण.

“माझी बायको बसायची. वर्षभर बसली,” म्हणाले, आणि फोन ठेवला. पुन्हा उचलत नाहीत.

२ डिसेंबर

ताईला मागे बसवलं, पुढची सीट रिकामी. गाडी बंद पडली ती पडलीच. ट्रॅक्टरने ओढून परत आणली. डायलिसिस चुकलं.

खात्याची जीप मागितली. साहेब चांगलं बोलले. जीप दुरुस्तीला गेली आहे, पंधरा दिवस लागतील. पलीकडच्या दोघा टॅक्सीवाल्यांना विचारलं, पहाटे घाट चढून यायला कुणी तयार नाही. ताईला दुपारच्या बसने नेऊन तिथेच ठेवावं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले खाट नाही, जवळ लॉजही नाही, आणि वेळ आठचीच.

४ डिसेंबर

आज मी बसलो. ताई मागे. बंद पडल्यावर डावीकडे सरकलो, हात लांब करून किल्ली फिरवली. लगेच धरलं. छातीतून दोर ओढून काढावा तसं काहीतरी गेलं. दुसऱ्यांदाही तेच.

मग वळणावर समोरचं दिसेनासं झालं. भानावर आलो तेव्हा पुढचं चाक कठड्याच्या दगडाला टेकलेलं होतं, आणि ताईने मागून माझी कॉलर धरून ठेवली होती. पोचलो. परत कसे आलो ते आठवत नाही.

हे माझ्याने पुन्हा होणार नाही. ही सबब आहे का? तपासून पाहिली. नाही. बहुतेक नाही.

६ डिसेंबर

मला उभं राहवत नाही. आजचं डायलिसिस बुडालं.

ताईला मी सांगितलं नव्हतं. तिला कळलंय. म्हणाली, “मी बसते रे पुढे. नाहीतरी तुझ्या जिवावर किती दिवस काढायचे?”

आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो.

७ डिसेंबर

ताईचं तोंड सुजलं आहे. आडवं झाल्यावर श्वास पुरत नाही, उशीला टेकून बसते. ॲम्ब्युलन्सवाले परवाशिवाय येत नाहीत. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या काहीही करून आणा. परवा म्हणू नका.

संध्याकाळी पलीकडच्या क्वार्टरमधले पंप ऑपरेटर चौकशीला आले. तिशीचा धडधाकट माणूस. दोन मुली आहेत. स्वतःहूनच म्हणाले, “एकटे कसे नेणार, साहेब? मी येतो. पुढे बसून बडबड करतो, म्हणजे तुम्हाला डुलकी लागणार नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आतून ताईच्या श्वासाचा आवाज —

मी म्हटलं, बरं होईल.

एकदाच. आता घाटात दोनदा बंद पडते, म्हणजे दोनदा. येताना आणखी — नको, येताना त्यांना बसने — मिस्त्री एकदाच बसला होता. पण त्याचं वय — हे तिशीचे आहेत, भरून निघेल — हे मी लिहितोय. माझंच अक्षर आहे.

त्यांची धाकटी आत्ता विचारून गेली, बाबांबरोबर मीही येऊ का. नाही म्हटलं. एवढं तरी —

उद्या: सहाला पंपवाल्यांना हाक मारणे. ताईला मागे बसवायचं, आणि ते पुढे —