आडवा येईल तो दाजी

अंबाजोगाई, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सुजित यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की 'ताई, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये आहे' म्हणून ठेवतोस. पत्र तरी घरी बसून वाचशील.

ह्यांचा मोतीबिंदू पिकलाय. परवा चहात साखर समजून मीठ घातलं आणि स्वतःच केलेला म्हणून सगळा प्यायले. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका, नजर जाईल. ऑपरेशन तुमच्याकडे संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात करायचं ठरवलंय, पण हे हलायला तयार नाहीत. कारण तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तू ह्यांना गाडीतून चाकणला नेलंस, ते 'सावकाश' म्हणाले आणि त्याच क्षणी तू ओरडलास, 'म्हाताऱ्या, घरी बस की!' ते पुढच्या स्कूटरवाल्याला होतं, हे मी किती वेळा सांगितलं! पण ह्यांचं एकच, मेहुण्याने घरी बसायला सांगितलंय, बसलोय.

दीपमालाही म्हणते, तू कंपनीतून लालबुंद होऊन येतोस. ती तुझ्या गाडीऐवजी बसने जाते म्हणे. बायको बसमध्ये आणि गाडीत एकटे राजे! चेष्टा सोड, मला तुझ्या जिवाची काळजी वाटते. एक उपाय कर. जो आडवा येईल त्याला 'दाजी' म्हणायचं. तो स्कूटरवालाही कुणाचा तरी दाजीच असेल ना? आणि दाजींना शिवी द्यायची तुझी हिंमत नाही.

माया आहेच, ती हॉर्नवरच्या हातापर्यंत पोचू दे.

तुझी,
इंदुताई

दिघी, २० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं औषध सुरू केलं. पहिल्या आठवड्यात दात-ओठ खाऊन 'दाजी' म्हणायचो. दीपमाला म्हणाली, तुमच्या तोंडी तो शब्दसुद्धा शिवीच वाटतो. मग काच खाली करून, हात जोडून म्हणायला लागलो. महाळुंग्याच्या चौकात एक टेम्पो उलट्या बाजूने घुसला. मी म्हणालो, या दाजी, सावकाश या. तो ब्रेक मारून थांबला आणि विचारू लागला, पाव्हणं, कुठलं गाव? केजकडचा निघाला. मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि आमचं पाऊसपाणी बोलून झालं. शेवटी त्यानेच मला आधी जाऊ दिलं.

पण सवय वाईट. मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर माझं बोलणं तोडून मध्येच घुसले, तर तोंडातून निघालं, घ्या दाजी, तुमचं आधी. त्यांचं अजून लग्न व्हायचंय. आता सगळी शिफ्ट त्यांना दाजी म्हणते.

दीपमाला सोमवारपासून गाडीत बसते आहे. पण काल एक म्हातारे गृहस्थ डगमगती स्कूटर घेऊन समोर आले आणि मला दाजी म्हणवेना, नुसती गाडी बाजूला घेऊन त्यांना जाऊ दिलं. विहिरीत पोहायला मला दाजींनीच शिकवलं. माझ्या तोंडापायी त्यांची नजर जायला नको गं. त्यांना काहीही करून घेऊन ये.

मुलांना आशीर्वाद. तुझा धाक असाच राहू दे.

तुझा,
सुजित

अंबाजोगाई, २७ फेब्रुवारी २०२५

रा. रा. सुजितराव यांस मारुतराव यांचा नमस्कार.

दिसत नाही म्हणून मी सांगतोय आणि तुमची ताई लिहितेय. (रुसले की हे सगळ्यांना अहो-जाहो करतात. इंदू.) तुमचं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. विहिरीपाशी आली की दोन्ही वेळा थांबली, तेव्हा तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही. (रडत नव्हते, कांदा चिरत होते. इंदू.)

महाळुंग्याच्या रस्त्यावर म्हणे रोज माझ्या नावाने टेम्पोवाल्यांचा मानपान चाललाय. कंपनीतल्या साहेबालाही मान मिळाला. राहिला तो एकटा मी, इथे मिठाचा चहा पीत.

तेव्हा येत्या सोमवारी आम्ही दोघं निघतोय. स्टँडवर घ्यायला या. मी पुढच्याच सीटवर बसणार आणि वाटेल तिथे 'सावकाश' म्हणणार. डोळा उघडला की पहिल्यांदा तुझी गाडी कुठे कुठे घासलीय ते बघणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

अट एकच. मी गाडीत असेन तोवर रस्त्यावर दुसऱ्या कुणाला दाजी म्हणायचं नाही.

लोभ होताच, तो घरी बसला होता एवढंच.

तुझा खरा दाजी,
मारुतराव