डावीकडचे पाहुणे

मंगळवार, ४ मार्च

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि आज पुन्हा वर्गात बसलो — मी! जन्मभर शाळेची बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. आता ओवाका गावच्या हॉलमध्ये फोटोग्राफी शिकायला, गळ्यात कॅमेरा. शिकवणारी वायमारी. लहानपणी हिला मीच बसनं शाळेत सोडायचो. म्हणते, "आता दंगा केलात तर मी खाली उतरवीन हं, मॅक!"

घरी बायकोनं, नोलीननं, चीज रोल भाजून ठेवले होते. "काय शिकवलं?"

"फोटो काढताना श्वास रोखायचा."

"बोलणंही रोखायला शिकवतात का तिथे?"

सुखात आहे एकंदरीत.

रविवार, ९ मार्च

दीपगृहाचा फोटो काढला. उजेड काय होता! घरी येऊन मोठा करून पाहिला. डाव्या कडेला तांबडं जाकीट घातलेला एक माणूस उभा. अगदी जवळ, माझ्याकडेच बघतोय.

तिथे कोणी नव्हतं. शपथेवर सांगतो, कोणी नव्हतं!

मंगळवार, १८ मार्च

वायमारीनं सगळ्यांचे फोटो भिंतीवर लावले. माझ्यापुढे थांबली. "तुमच्या फोटोत डावीकडे कायम कोणीतरी न बोलावलेलं येतं, मॅक." कचऱ्याचा डबा, कुणाचं कोपर, एक अख्खी सायकल. सगळे हसले. मीही हसलो.

हसू काही खरं नव्हतं.

शनिवार, २९ मार्च

किनाऱ्यावर समुद्रसिंहाचा फोटो घेतला. वाळूत लोळत होता, लांब. मागून नोलीन किंचाळली, "मॅक! मागे हो!" मी आपला मागे झालो. उगाच घाबरते, म्हटलं.

आत्ता फोटो पाहिला. डावीकडे दुसरा. केवढा थोरला! जबडा वासलेला. हात लांब केला असता तर लागला असता.

नोलीनला दाखवला नाही. पुसून टाकला.

गुरुवार, ३ एप्रिल

दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. पुन्हा.

मंगळवार, १५ एप्रिल

वर्ग संपल्यावर वायमारीनं थांबवलं. समोर खुर्ची ओढून बसली. "माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे." मग हळूच, "किती बोटं?"

"कुठली बोटं?"

तिचा चेहरा उतरला. माझ्या डावीकडचा तिचा हात कधीचा वर होता म्हणे.

"आजपासून गाडी चालवू नका, मॅक. आधी डॉक्टर."

मी भडकलो. काय काय बोललो! "तुला मी शाळेत पोचवलंय. एकदा तरी कुठे धडकलो?" तिच्या डोळ्यांत पाणी. बाहेर आलो आणि गाडी चालवतच घरी आलो.

बुधवार, १६ एप्रिल

डनीडन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. पुढच्या महिन्यातली तारीख दिली. मोतीबिंदू असेल, दुसरं काय. या वयात सगळ्यांनाच होतो.

नोलीनला सांगू? ती गाडी शिकलीच नाही. दुकान लांब, तिची मैत्रीण लांब, सगळंच लांब इथे. माझी किल्ली काढून घेतली की आम्ही दोघं या टेकडीवर अडकलो. तारखेपर्यंत हळू चालवीन. मान वळवून बघत जाईन.

सांगत नाही.

रविवार, २० एप्रिल

वायमारीचा फोन. "नोलीनना सांगितलंत का?" हो म्हणालो.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी फाटकातून गाडी काढली. मान वळवली होती. वळवली होती ना? रस्ता मोकळा दिसला.

डाव्या बाजूला धप्प आवाज झाला.

वाटलं, शेजाऱ्याचं मेंढरू. उतरलो, पुढून फेरा घालून गेलो.

नोलीन.

बुधवार, ३० एप्रिल

इस्पितळात. नोलीनला अजून शुद्ध नाही. वायमारी आली होती. माझ्या शेजारी बसून राहिली.

शुक्रवार, २ मे

दुपारी नोलीननं डोळे उघडले. मी म्हणालो, "तू मला दिसलीच नाहीस गं."

"ठाऊक आहे. कधीचं ठाऊक आहे." आवाज अगदी बारीक. "म्हणून तर तू गाडी काढलीस की रोज धावत येऊन तुझ्या डाव्या अंगाला उभी राहायचे, वेड्या. तिकडून काही येतंय का ते बघायला कोणी नको?"