डाव्या हाताची पाच नखं अन् मांडीतला रॉड

मु. दिघोरी, ता. लाखांदूर
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

श्रीमान टिकाराम साळेबुवा, मुक्काम चिखला, यायले दिघोरीच्या इश्वरचा बसल्या जागेवरून रामराम. (उठून करायची सोय राहिली नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या, उजव्या हाताले अजून फडकं बांधलेलं आहे.)

तुमची तब्येत, आनंदावहिनीचे गुडघे अन् गुड्डीच्या लग्नाची तयारी, तिन्ही आपापल्या जागी बरी असतील असं धरून चालतो. आमच्या घरीही सारे मजेत आहेत. म्हणजे माझ्या मांडीत हातभर लांब लोखंड आहे, सून मुकी झाली, पोरगा कैलाश ट्रॅक्टरवरच डबा खाते, अन् तुमची बहीण सत्यभामाबाई साऱ्याईवर राज्य करून राहिली. याच्यापेक्षा जास्त खुशाली आणखी काय असते?

तुम्ही म्हणसान, या जमान्यात पत्र कायले? फोन आहे जी. पण आमच्या घरचा फोन तुमच्या बहिणीच्या कमरेले खोचलेला असते, अन् स्पीकर लावल्याशिवाय तिले ऐकू येत नाही. मी काय बोललो ते शेजारचा टेकचंद मले संध्याकाळी परत सांगते. व्हाट्सअ‍ॅपवर कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावं, तर तिथं सकाळी फुलं अन् रात्री सुविचार, मधात कोणी खरं बोललं की सारे हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे होतात. म्हणून हा कागद. दवाखान्यात तुम्ही मले भेटायले आले, केळी आणली, अन् (आठवण म्हणून सांगतो, तक्रार नाही) तुम्हीच खाल्ली. खाता खाता बहिणीची बाजू ऐकली. माझ्या तोंडात तवा थर्मामीटर होता. आता माझी ऐका.

आमची सून दामिनी नागपूरले जाऊन नखं सजवायचा कोर्स करून आली, हे तुमाले माहीत आहे. लाखनीले हायवेवर तिनं खोली घेतली. एका बाजूले पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूले कोंबडीवाला, अन् मधात 'दामिनी नेल आर्ट'. साऱ्या गावानं फुकटात अक्कल शिकवली. ज्या मुलखात बाया अख्खा पावसाळा चिखलात हात घालून असतात, तिथं नखं रंगवायले कोण येईन म्हणे. सत्यभामा म्हणे, नखं लसूण सोलायले असतात, पाहायले नाही. पण पोट्टी हट्टाची. शाळेतल्या बाई आल्या, नवऱ्या मुली आल्या, बँकेतली एक मॅडम आली. धंद्यानं जीव धरला. फक्त दुकानात लावायले तिले एक फोटो पाहिजे होता, एक हात आधीचा अन् एक हात नंतरचा. नंतरचे हात तिच्यापाशी खूप होते. पण आधीचा म्हणून टांगावा असा खराब हात द्यायले कोणतीच बाई तयार होईना. मंग घरात सर्वात खराब हात कोणाचा असा विषय निघाला, अन् सारे माझ्याकडं पाहायले लागले. (माणसानं जन्मभर नांगर धरावा तो याच मानासाठी.)

तर उजवा हात आधीचा ठरला अन् डावा नंतरचा. तिनं डावी नखं घासली, पुसली, लेप लावला, निळ्या उजेडाच्या डब्बीत हात ठेवून सुकवला. जांभळा रंग, वर चांदीची चमक, अन् करंगळीच्या शेजारच्या बोटावर मोराचं पीस, डोळ्यासकट. मी लगेच काढून टाक म्हणणार होतो. पण काढायलेही तेवढाच वेळ लागते असं समजलं, अन् दुसऱ्या दिवशी रोवणा होता, म्हणून राहू दिलं. एवढीच गोष्ट आहे. तुमची बहीण याचा वेगळा अर्थ काढते, तिकडं लक्ष देऊ नका.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वावरातल्या बांधीत बाया धान रोवून राहिल्या होत्या, अन् मी पऱ्ह्याच्या रोपाची पेंढी खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून चाललो होतो. हा बांध आमच्या आज्यानं घातलेला, डोळे झाकून चालावं असा. तिथं मी पडलो. काहून पडलो? चिखल होता. सत्यभामाबाईचं म्हणणं असं की ऊन निघालं होतं, अन् मी डावा हात उन्हात धरून मोराचं पीस पाहत चाललो होतो. साळेबुवा, नातवंडं खेळवायच्या वयाचा माणूस, हे त्याले शोभते का? चिखल होता. उजव्या हातावर पडलो तो कोपरापर्यंत सोलून निघाला, अन् डावी मांडी अशी वळली की मले ती दुसऱ्याचीच वाटली. नखाले मात्र चराही गेला नाही. दामिनीच्या कामाची याच्याहून मोठी जाहिरात कोणती? पण ऐन वेळी फोटो काढायले एकही बाई पुढं आली नाही, साऱ्या रडत होत्या.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. मांडीच्या हाडात रॉड टाका लागते असं ठरलं. रॉड टाकणारे डॉक्टर नागपूरहून येतात, अन् फक्त शनिवारी येतात. शनिवारी सकाळी भूल देणाऱ्या मॅडमनं माझ्या बोटाले तो चिमटा लावला, ज्याच्यात रक्तातल्या हवेचा आकडा दिसते. आकडा येईना. उजवा हात पट्टीत. डाव्या हाताचं बोट आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं, मशीन नुसती टीं टीं करे. कानाले लावायचा चिमटा तिथला तुटलेला. पायाच्या बोटाले लावला, तर माझ्या पायाची नखं तुमाले ठाऊक आहेत, इतक्या वर्षाच्या चिखलानं कासवाच्या पाठीसारखी झालेली, त्यातून उजेडच जाईना. मॅडम माझ्या जांभळ्या नखाकडं पाहे, मंग माझ्या मिशीकडं पाहे, मंग कागदावर माझं नाव पाहे. शेवटी म्हणाली, रंग काढल्याशिवाय मी भूल देत नाही. नर्सनं स्पिरिटनं घासलं, आणखी कशाकशानं घासलं. नखं आणखीनच चमकायले लागली.

अन् इथं तुमच्या बहिणीनं आपलं खरं रूप दाखवलं. शनिवारी नखाले हात लावू देणार नाही म्हणे. शनिवारी नख काढलं की घरधन्याचं आयुष्य तुटते, हा नियम तुमच्या स्वर्गवासी आईचा, म्हणजे माझ्या सासूचा, म्हणून त्याच्यापुढं देवाचंही चालत नाही. डॉक्टरनं हात जोडून समजावलं की बाई, मी यायच्या हाडाले गिरमिटानं भोक पाडणार आहे, आत रॉड ठोकणार आहे, वरून स्क्रू पिळणार आहे. ते खुशाल करा म्हणे. हाडाबद्दल आईनं काही सांगतलं नव्हतं. मंग रविवारी नखं काढू असं ठरवावं, तर डॉक्टर पुढच्या शनिवारी. तोवर मांडी अशीच लोंबत ठेवायची. मी स्ट्रेचरवर पडून विचार करत होतो की माणसाचा जीव कोणत्या कोणत्या गोष्टीवर टांगलेला असते. माझा तवा मोराच्या पिसावर होता.

कैलाशनं दामिनीले फोन केला. पोरगी मिळेल ती बस धरून, घासायची मशीन पिशवीत घालून आली. रडली नाही, भांडली नाही. सासूसमोर उभी राहिली अन् म्हणाली, "आई, मी नखाले हातच लावत नाही. वरून निघन ते प्लास्टिक आहे. बाबांचं नख जागच्या जागी राहीन."

सत्यभामानं विचार केला. खूप विचार केला. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं, नर्सनं छत पाहिलं. शेवटी विचारलं, "प्लास्टिकले शनिवार लागत नाही ना?"

"नाही लागत."

झालं. मॅडम म्हणे एकच बोट साफ करा, बास. दामिनी म्हणे, एकच काढलं तर हात कसा दिसन? तिनं चार नखं साफ केली, खालचं नख न खरवडता, दाण्यावरचा कोंडा काढावा तशी. मोराचं पीस राहू द्या असं मी म्हटलं, असं सत्यभामा साऱ्याईले सांगत फिरते. मले तवा भूल चढली होती. (भूल अर्ध्या घंट्यानं दिली, असं ती म्हणते. दवाखान्याची घड्याळं कधी बरोबर असतात का?)

रॉड बसला. तुम्ही जन्मभर आमाले ऐकवलं की चिखल्याच्या खाणीतल्या मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. मी डॉक्टरले विचारलं, या रॉडात मँगनीज असते का? थोडं असते म्हणे. म्हणजे आतापर्यंत साळा फक्त डोक्यावर बसलेला होता, आता मांडीतही शिरला. थंडी पडली की ठणकन असंही सांगतलं आहे, तवा तुमची आठवण काढायले वेगळं काही करा लागणार नाही. टेकचंदचं संशोधन असं, की चिखलात गेलो तर रॉड गंजन अन् ईज चमकली तर माझ्यावरच पडन. तो आता पावसात माझ्याजवळ उभा राहत नाही. चला, रॉडाचा काही तर फायदा झाला.

खरं संशोधन दुसरीनंच केलं. नागपूरच्या एका कॉलेजातली कामिनी नावाची पोरगी धान रोवणाऱ्या लोकाईच्या नखाचा अभ्यास करून राहिली. वॉर्डात माझ्या पायाची नखं पाहून तिचे डोळे असे चमकले, जसं तिले गुप्तधन सापडलं. माझ्या पायाकडं इतक्या प्रेमानं लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं. तिनं हातापायाच्या नखाचे तुकडे मागितले. आमच्या दिघोरीत कोणीच दिले नव्हते, परक्याच्या हातात नख गेलं म्हणजे करणीले आमंत्रण. सत्यभामानं दिले (सोमवारी), पण अटीवर, की अभ्यास झाल्यावर वापस पाठवायचे. अन् साळेबुवा, ते वापस आले! रजिस्टर पोस्टानं! पोस्टमननं माझी सही घेतली, अन् आत माझीच नखं. सोबत चिठ्ठी. पायाच्या नखाले पाण्यातली बुरशी लागलेली, औषध लिहून दिलं. अन् खाली लिहिलं की डाव्या हाताची नखं ज्यानं साफ केली त्याचा हात फार हलका आहे, असली घासाघाशी लोक करतात तेव्हा खालचं नख पातळ होते, इथं काहीच झालं नाही. सत्यभामानं बुरशीपर्यंतची चिठ्ठी साऱ्या गल्लीले वाचून दाखवली. खालची ओळ वाचायले तिच्या चष्म्याचा नंबर कमी पडला.

घरी आलो त्याच दिवशी हुकूम निघाला, नखाचा धंदा बंद. नखामुळं धनी पडले, नखामुळं ऑपरेशन अडलं, घरात नख नको. लाखनीच्या खोलीले कुलूप. निळ्या उजेडाची डब्बी सैपाकघरात गेली, तिच्यात तुमची बहीण कुरोड्या सुकवते. एका वेळी एक. अशा हिशेबानं गुड्डीच्या लेकराच्या बारशाले कुरोड्या पुरतील. दामिनी एक शब्द उलटून बोलली नाही. निंदणाले जाते, येते, भाकरी टाकते. पहिले घरात आली की हायवेवरच्या गमती सांगे, त्या कोंबडीवाल्याची नक्कल करे. आता भांड्याचाच आवाज येते. मले हे गोड वाटत नाही. ज्या पोट्टीनं ऑपरेशनच्या दारात माझी गाडी हलवली, तिच्याच धंद्याच्या गळ्याले आपण नख लावलं. असो, माझं कोण ऐकते, मी पडलो लंगडा माणूस.

आनंदावहिनीले नमस्कार, गुड्डीले आशीर्वाद. बाकी तुमचं चालू द्या, माझं काठीवर चाललं आहे.

तुमच्या मँगनीजचा धनी,
इश्वर

ता. क. : वरचं सारं नाही वाचलं तरी चालन, हे वाचा. तुळशीचं लग्न झालं की गुड्डीचं लग्न. नवरीची अन् करवल्याईची नखं दामिनीकडून करायची असं गुड्डीनं आपल्या आत्याले फोन करून मागावं. सत्यभामा देवाचं मोडन, भाचीचं मोडत नाही. एकदा चिखल्याले मशीन उघडली की लाखनीचं कुलूप आपोआप निघन. पण हे गुड्डीच्याच डोक्यातून निघालं असं वाटलं पाहिजे. माझं नाव निघालं तर मले तुमच्याकडंच राहायले या लागन, अन् केळी तुमाले आणा लागतील.

आणखी एक : वाचून झाल्यावर कागद चुलीत टाका. तुमच्या बहिणीले अजून याचा वासही लागला नाही.

दादा, मी सत्यभामा. पाकीट चिकटवायले हे शिजलेला भात मागायले आले, तवाच समजलं. सारं वाचलं. चिखल-बिखल काही नव्हता, रखरखीत ऊन होतं, अन् पीस पाहूनच पडले. उजव्या हाताची जखम केव्हाचीच भरली. फडक्याखाली पाचही नखं हिरवी आहेत, सून अन् सासरा मागच्या सांदीत बसून रंगवतात, मले दिसत नाही असं दोघाईले वाटते. त्या दिवशी दवाखान्यात मी फार भेली होती, दादा. कोणावर तरी चिडल्याशिवाय माझ्यानं उभं राहवत नव्हतं, अन् पोट्टी समोर सापडली. आता आपल्याच तोंडानं दुकान उघड कसं म्हणू? गुड्डीले सांग, फोन कर. मी पहिल्यांदा नाही म्हणीन. तिनं दुसऱ्यांदा मागावं.

शनिवार सोडून कधीही कर.